नाव जॉर्जचं, दुकान दुसऱ्याचं

ज्यांची मुलं या देशातल्या शाळेत शिकली, त्यांच्या घरात जॉर्ज डेव्हिस हा माणूस कधी ना कधी येऊन गेलेला आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ॲस्डामध्ये दूध, बटाटे, कांदे घेताना त्याच ट्रॉलीत टाकलेली राखाडी पँट आणि पांढरा शर्ट आठवून पाहा. मानेजवळच्या चिठ्ठीवर नाव असायचं 'जॉर्ज'. हा कोणी राजाबिजा असेल असं पुष्कळांना वाटायचं. राजा नव्हे, दंतवैद्यकाचं शिक्षण अर्ध्यावर सोडलेला, लिव्हरपूलकडचा एक दुकानदार. ब्रिटनच्या हाय स्ट्रीटवर त्याने वीस वर्षांत तीन मोठी नावं उभी केली: नेक्स्ट, जॉर्ज आणि पर ऊना. तिन्ही शेवटी दुसऱ्यांच्या हाती राहिली. ती कशी गेली, आणि प्रत्येक वेळी जाताना त्याच्या पदरात काय पडलं, हे पाहण्यासारखं आहे.

आपल्या मंडळींत दुकानदार मोजकेच. डॉक्टर, इंजिनियर, अकाउंटंट, कॉम्प्युटरवाले भरपूर. म्हणजे बहुतेक सगळे दुसऱ्याच्या गादीवर बसून काम करणारे. डेव्हिसही आयुष्याचा मोठा भाग तेच करत होता, म्हणून त्याची हकीकत आपल्याला परकी वाटू नये.

जन्म १९४१ चा. बर्मिंगहॅमला दंतवैद्यक शिकायला गेला आणि मध्येच सोडून आला. (आपल्याकडे हे झालं असतं तर मावश्या, आत्या आणि शेजारी मिळून त्याचं काय केलं असतं ते सांगायला नको.) मग लिव्हरपूलच्या लिटलवुड्समध्ये चिकटला. फुटबॉल पूल्स, टपालाने माल पाठवणारे कॅटलॉग आणि दुकानं, असा या कंपनीचा मोठा पसारा होता. त्याच्याकडे खातं आलं बायकांच्या आखूड मोज्यांचं. काम ऐकायला किरकोळ, पण दुकानदारीचं सगळं मर्म त्यातच असतं. कुठल्या मापाचे किती जोड कुठल्या दुकानात, कुठला रंग संपला, कुठला पडून राहिला, नवा माल किती दिवस आधी सांगायचा, आणि न खपलेल्याची किंमत कधी उतरवायची? मोज्यात जो हिशेब, तोच पुढे कोटात. डेव्हिसला कपड्यातला कलावंत म्हणून पुष्कळांनी नावाजलं, पण मला वाटतं त्याची खरी शिदोरी हे मोजेच होते.

१९७० च्या दशकात त्याने शाळेचे गणवेश टपालाने विकण्याचा धंदा स्वतः काढून पाहिला. मग तो 'पिपा डी' या कंपनीत गेला. टपरवेअरच्या पार्ट्या ज्यांना आठवतात त्यांना हा प्रकार लगेच कळेल. एकीच्या घरी शेजारणी जमायच्या, चहा व्हायचा आणि अंतर्वस्त्रांची विक्री व्हायची. दुकानाच्या काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला बायका जे कधी सांगत नाहीत, ते अशा बैठकीत मोकळेपणाने बोललं जातं. काय बसत नाही, काय धुतल्यावर बिघडतं, काय आवडतं पण परवडत नाही, हे सगळं.

१९८१ मध्ये त्याला बोलावलं हेपवर्थने. इथे लीड्सच्या सभासदांनी कान टवकारावेत, कारण या गोष्टीतली बरीचशी दुकानं तुमच्या गावची. जोसेफ हेपवर्थने १८६४ मध्ये लीड्सला पुरुषांचे सूट शिवायला सुरुवात केली. मार्क्स अँड स्पेन्सरचं मूळही तिथलंच. मायकल मार्क्स हा रशियन साम्राज्यातून आलेला ज्यू निर्वासित, इंग्रजी जेमतेम येणारा. १८८४ मध्ये त्याने लीड्सच्या बाजारात मेज मांडलं आणि वर पाटी लावली की किंमत विचारू नका, सगळं एक पेनीला. भाषा येत नसली तर भाव ठरवण्याची कटकटच नको, हा त्यातला शहाणपणा आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. ॲस्डाचं मुख्य कार्यालयही लीड्सचंच. डेव्हिसने आयुष्यात ज्या तीन मोठ्या घरांसाठी काम केलं, ती तिन्ही अशी एकाच गावाशी बांधलेली निघावीत हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

तर हेपवर्थ. एके काळी हार्डी एमीससारख्या, राणीचे कपडे शिवणाऱ्या माणसाने त्यांच्यासाठी सूट बेतले होते. पण १९८० च्या सुमारास मापाचे सूट शिवून घेणारे पुरुष कमी होत चालले होते आणि दुकानं मात्र गावोगावच्या मोक्याच्या रस्त्यांवर उभी होती. चेअरमन होता टेरेन्स कॉनरन, 'हॅबिटॅट'चा संस्थापक. कंपनीने केन्डॉल्स नावाची, बायकांचे रेनकोट विकणारी एक जुनाट दुकानांची साखळी विकत घेतली होती. त्या दुकानांचं काय करायचं हे ठरवण्याचं काम डेव्हिसकडे आलं.

त्या वेळी बायकांच्या कपड्यांची बाजारपेठ दोन टोकांना होती. एका टोकाला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची झगमगीत, स्वस्त बुटिकं. दुसऱ्या टोकाला मार्क्स, जिथे माल टिकाऊ आणि भरवशाचा, पण आई आणि मुलगी दोघींनी एकाच मांडणीवरून घ्यावा असा. मधली बाई, पंचविशी ओलांडलेली, ऑफिसात जाणारी, स्वतःचे पैसे मिळवणारी, तिच्यासाठी खास असं कोणी फारसं काही मांडत नव्हतं. डेव्हिसने नेमकी तिला समोर धरली. स्कर्ट, ब्लाऊज, जाकीट, बूट, पर्स हे सगळं एकमेकांना जुळेल अशा मोजक्या रंगांत आणि एकाच छपराखाली. दादरच्या मॅचिंग सेंटरमध्ये साडी हातात धरून ब्लाऊजपीस शोधलेल्या बाईला यात नवल वाटणार नाही, पण इंग्लंडच्या हाय स्ट्रीटवर तेव्हा हे नवीन होतं. माल थोडा ठेवायचा, लवकर बदलायचा. दुकान छोटं, लाकडी, नीटनेटकं. कपडे कोंबून न भरलेलं. भाव मार्क्सपेक्षा थोडा चढा, पण आवाक्यातला.

फेब्रुवारी १९८२ मध्ये 'नेक्स्ट'ची पहिली दुकानं उघडली. ती इतकी चालली की त्याच वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत केन्डॉल्सची सुमारे सत्तर दुकानं नेक्स्ट होऊन गेली. १९८४ मध्ये पुरुषांचं नेक्स्ट निघालं आणि डेव्हिस कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. पुढच्या वर्षी घरसजावट, मग मुलांचे कपडे. १९८६ मध्ये शंभर वर्षांहून जुनं हेपवर्थ हे नाव पुसून सबंध कंपनीचंच नाव नेक्स्ट ठेवलं. त्याच वर्षी ब्रॅडफर्डची ग्रॅटन ही कॅटलॉग कंपनी जोडून घेतली.

ग्रॅटनमुळे जे झालं ते माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम. कॅटलॉगमधून खरेदी म्हणजे तेव्हा हप्त्याहप्त्याने पैसे भरणाऱ्या घरांची गोष्ट. जाडजूड, गचाळ छपाईचं पुस्तक, आणि मागवलेली वस्तू यायला चार आठवडे. जानेवारी १९८८ मध्ये 'नेक्स्ट डिरेक्टरी' आली ती पक्क्या बांधणीची, देखण्या छायाचित्रांची, आत चक्क कापडाचे नमुने चिकटवलेली. ती फुकटही नव्हती. ३ पौंड मोजायचे. आणि माल ४८ तासांत घरी. अनेक घरांत ती टेलिफोन डिरेक्टरीशेजारी नव्हे तर कॉफी टेबलावर ठेवलेली असे. आज फोनवर बोट टेकवून उद्या दारात पार्सल मागवणाऱ्या मुलांना सांगायला हरकत नाही, की त्या सवयीचं एक मूळ ब्रॅडफर्डच्या गोदामात आहे.

पण या सगळ्याला पैसा लागत होता, आणि तो शेअर काढून किंवा कर्ज काढून येत होता. १९८७ मध्ये कम्बाइंड इंग्लिश स्टोअर्स ही आणखी एक मोठी साखळी घेतली; तिच्यात दागिन्यांचीही दुकानं होती. ती पुढच्याच वर्षी रॅटनर्सला विकावी लागली. डिलन्स ही वर्तमानपत्रांची दुकानं घेतली. हे सगळं कपड्यांच्या दुकानदाराला कशाला हवं होतं, याचं समाधानकारक उत्तर मला तरी सापडलेलं नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये शेअर बाजार कोसळला. आणि १९८८ चं ते वर्ष ज्यांनी घराचं कर्ज डोक्यावर असताना काढलं त्यांना आकडे पाठ असतील: बँकेचा मूळ व्याजदर मे महिन्यात साडेसात टक्के होता, नोव्हेंबर संपताना तेरा. हप्ता वाढला की बाई आधी स्वतःच्या जाकिटावर काट मारते. नेक्स्टचं गिऱ्हाईक नेमकं याच घरातलं होतं.

डिसेंबर १९८८ मध्ये संचालक मंडळाने एका रात्रीत डेव्हिसला काढून टाकलं. चेअरमन आणि मुख्य अधिकारी ही दोन्ही पदं तेव्हा त्याच्याकडे होती. मालाची जबाबदारी सांभाळणारी त्याची बायको लिझ, तिलाही त्याच वेळी घरी पाठवलं. जागेवर आला डेव्हिड जोन्स, ग्रॅटनबरोबर आलेला, हिशेबातला पक्का, डेव्हिसचाच सहकारी. दोघांनीही आपापली बाजू पुस्तकात मांडली आहे, एकाने लगेच १९८९ मध्ये, दुसऱ्याने २००५ मध्ये. एकाला तो विश्वासघात वाटला. दुसऱ्याला वाटलं की कंपनी वाचवायची तर दुसरा मार्ग नव्हता. सहकाऱ्यांचं म्हणणं असं की सगळे निर्णय एकाच माणसाच्या हातात गेले होते आणि तो कोणाचं ऐकत नव्हता.

आकडे जोन्सच्या बाजूने बोलतात. १९८७ मध्ये तीन पौंडांच्या वर गेलेला नेक्स्टचा शेअर १९९० च्या अखेरीला दहा पेन्सच्याही खाली आला होता. कंपनी बुडते की काय अशी वेळ आली. १९९१ मध्ये ग्रॅटन जर्मनीच्या ऑटो या कंपनीला विकलं, तेव्हा कुठे श्वास मिळाला. पण जोन्सने डिरेक्टरी विकली नाही, आणि हे फार महत्त्वाचं ठरलं. गिऱ्हाइकांची यादी, गोदामं, घरपोच पाठवण्याची यंत्रणा हातात राहिली. इंटरनेट आलं तेव्हा इतर दुकानदार शून्यातून सुरुवात करत होते. नेक्स्टकडे घर बांधून तयार होतं, फक्त दरवाजा नवा बसवायचा होता. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात नेक्स्टचा करपूर्व नफा १ अब्ज पौंडांच्या वर गेला. झाड डेव्हिसने लावलं, जोन्सने ते जळताना वाचवलं, फळं तिसऱ्यांनी काढली. कोणाचं श्रेय जास्त यावर दोन प्रामाणिक माणसांत मतभेद होऊ शकतो. मी जोन्सला निम्म्याहून थोडं जास्त देईन.

डेव्हिस ४७ वर्षांचा होता. नाव मोठं, हातात दुकान नाही. इतर कोणी असता तर लंडनमध्ये उंची बुटिक काढून बसला असता. हा गेला सुपरमार्केटमध्ये. ॲस्डाशी करार केला आणि १९९० मध्ये 'जॉर्ज' बाजारात आणलं. सुपरमार्केटमधले कपडे म्हणजे तेव्हा कोणाला सांगायचे नाहीत असे कपडे. डेव्हिसचा हिशेब सरळ होता: बाई कपड्यांच्या दुकानात महिन्यातून एकदा जाईल किंवा जाणारही नाही, पण दूध-पावासाठी दर आठवड्याला ॲस्डात येतेच. तिला दुसरीकडे वळवण्यापेक्षा जिथे ती आहे तिथेच नीट बेतलेला कपडा ठेवावा. मोटार उभी करायला जागा आहे, भाडं हाय स्ट्रीटपेक्षा कमी आहे, मग भावही उतरवता येतो. लहान मुलांची वाढ कोणासाठी थांबत नाही. दर सहा महिन्यांनी आखूड होणारी पँट स्वस्त आणि बरी मिळाली तर आई दुसरीकडे कशाला जाईल? या देशात नव्याने संसार मांडणाऱ्या आपल्यासारख्या घरांना याचा किती आधार झाला हे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. मुलगा वर्गात चारचौघांसारखा दिसणं ही गोष्ट परक्या देशात साधी नसते. पुढे टेस्को आणि सेन्सबरी यांनीही कपड्यांची स्वतःची नावं काढली, त्यांच्या आधी दहा-बारा वर्षं ही वाट पडली होती.

या वेळी डेव्हिस पगारी नोकर नव्हता. स्वतःची कंपनी काढून ॲस्डासाठी काम करत होता. एवढं तो नेक्स्टमध्ये शिकला होता. पण ती कंपनी १९९५ मध्ये ॲस्डाने विकत घेतली, आणि कंपनीबरोबर नावही गेलं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने ॲस्डाच खरेदी केलं. पुढच्या वर्षी डेव्हिस बाहेर पडला. २०२१ मध्ये वॉलमार्टने ॲस्डातला मोठा हिस्सा विकला, म्हणजे मालक पुन्हा बदलले. चिठ्ठीवरचा 'जॉर्ज' मात्र ज्याचं दुकान त्याच्याबरोबर फिरत राहिला. आपलंच पाळण्यातलं नाव दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत पाहताना कसं वाटत असेल?

आता मार्क्स. भारतात जाताना बॅगेत तिथला स्वेटर नाही असं आपल्यात एक काळ होत नसे. १९९७-९८ मध्ये या कंपनीने वर्षाला १ अब्ज पौंडांच्या वर नफा कमावला होता आणि दोन-तीन वर्षांतच तो निम्म्याच्या खाली घसरला. कपडे जुनाट झाले आणि खर्च कमी करायचा म्हणून परदेशातून माल आणणं वाढलं. त्याचा फटका बसला तो विल्यम बेअर्ड या पुरवठादाराला. जवळजवळ ३० वर्षं बेअर्डने मार्क्ससाठी कपडे शिवले होते. ऑक्टोबर १९९९ मध्ये मार्क्सने सांगितलं की या हंगामानंतर काम बंद. ब्रिटनमधल्या कारखान्यांतल्या हजारो शिवणकामगारांच्या पोटावर पाय आला. बेअर्ड कोर्टात गेली, आणि तेव्हा उघड झालं की ३० वर्षांच्या या नात्याला दीर्घ मुदतीचा लेखी करारच नव्हता. दर हंगामाच्या ऑर्डरी तेवढ्या कागदावर, बाकी सगळं भरवशावर. २००१ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला मार्क्सच्या बाजूने. जे लिहिलेलंच नाही ते कोर्ट अमलात कसं आणणार?

त्याच २००१ मध्ये, त्याच मार्क्सच्या दारात साठीला टेकलेला डेव्हिस उभा होता, आणि त्याच्या हातात कागद होते. चेअरमन लुक व्हान्डेवेल्डला तरुण बायका दुकानात परत हव्या होत्या. डेव्हिसने अटी घातल्या: कंपनी माझी, डिझाइन माझं, माल बनवून आणायचा खर्चही माझाच, दुकान आणि गिऱ्हाईक तुमचं. धोका मोठा होता. माल पडून राहिला असता तर स्वतःचेच कोट्यवधी पौंड बुडाले असते. सप्टेंबर २००१ च्या अखेरीला 'पर ऊना' दुकानांत आलं. नाव इटालियन, अर्थ 'एकीसाठी'. झालरी, फिती, कशिदा, झुळझुळीत स्कर्ट. मार्क्सच्या गंभीर मांडण्यांत एकदम लग्नघर आल्यासारखं. माल थोडा आणायचा, संपला की तोच पुन्हा आणायचा नाही, म्हणजे आवडलं तर आजच घ्या. मोज्यांचा हिशेब इथेही होताच. बेत तरुण मुलींसाठी होता, पण प्रत्यक्षात चाळिशी-पन्नाशीच्या बायकांनीही ते कपडे आनंदाने घेतले.

२००४ मध्ये फिलिप ग्रीन मार्क्स विकत घ्यायला निघाला. नव्याने आलेल्या स्टुअर्ट रोझला कंपनी वाचवायची होती, आणि आपल्याच दुकानातला इतका चालणारा माल दुसऱ्याच्या मालकीचा असणं परवडणार नव्हतं. मार्क्सने पर ऊना १२.५ कोटी पौंडांना विकत घेतलं. नेक्स्टमधून डेव्हिसला काढायला एक बैठक पुरली होती. इथे त्याच्या हातचं काढून घ्यायला मार्क्सला एवढी किंमत मोजावी लागली. माणूस तोच, कसब तेच, मधल्या १६ वर्षांत बदलले ते फक्त कागद.

त्यानंतर २००९ मध्ये त्याने 'गिव्ह' नावाची स्वतःची दुकानं काढली. या वेळी नाव आपलं आणि दुकानही आपलं. ती दोन-एक वर्षांत बंद झाली. मंदीचा काळ, चढे भाव आणि दर आठवड्याला दूध-पावासाठी येणारं कोणाचंच गिऱ्हाईक नाही. दुसऱ्याच्या दुकानातली गर्दी हीसुद्धा एक पुंजीच असते, आणि ती डेव्हिसच्या तिन्ही यशांत होती.

लेस्टरच्या सभासदांना त्याचं नाव रोज दिसतं ते निराळ्याच ठिकाणी. नेक्स्टचं मुख्य कार्यालय लेस्टरजवळ एन्डर्बीला आहे, पण तिथे नव्हे. लेस्टर विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलची २०१६ मध्ये उघडलेली इमारत आहे, तिचं नाव जॉर्ज डेव्हिस सेंटर. आपल्यापैकी काहींची मुलं तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडली आहेत. त्यांना ही हकीकत सांगा, कारण दारावरचा हा जॉर्ज कोण असं विचारलं तर तीही बहुधा राजाचंच नाव घेतील.